घरच्या नॅससाठी हार्ड डिस्क: एक गेल्यावर दुसरी टिकेल अशी कशी निवडायची

सांगलीला मामांकडे दोन खणांचा नॅस आहे, म्हणजे घरातले सगळे फोन आणि संगणक ज्यात नेटवर्कवरून आपल्या फाइली ठेवतात अशी हार्ड डिस्कची पेटी. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचं चित्रीकरण, मामेबहिणीच्या लग्नाचे फोटो, जमिनीच्या कागदांचे स्कॅन, आजोबांच्या आवाजातली एक जुनी कॅसेट डिजिटल करून ठेवलेली, असं घरातलं सगळं त्यात आहे. दोन्ही डिस्कवर तेच असल्यामुळे एक गेली तरी दुसरी आहे, म्हणून सगळे निर्धास्त होते. एका पावसाळ्यात एक डिस्क खरंच गेली. मामांनी त्याच दिवशी बाजारातून तेवढ्याच क्षमतेची नवी आणून बसवली आणि संध्याकाळी मला फोन केला, "अरे, सकाळपासून नुसतं 9 टक्के झालंय. हे असंच असतं का?"

असं नसतं. उरलेल्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवून ती भरणं, हे काम 4 टीबीला साधारण रात्रभरात व्हायला हवं. मामांचं काम चौथ्या दिवशी संपलं. ते चार दिवस सगळ्या घराच्या आठवणी पाच वर्षं जुन्या, एकुलत्या एका डिस्कवर उभ्या होत्या. नवी आणलेली डिस्क धडधाकट होती, पण तिचा प्रकार चुकला होता.

तेव्हापासून घरच्या नॅससाठी कुठली डिस्क घेऊ असं कुणी विचारलं, की मी एकच कसोटी लावतो: जोडीतली एक मरेल त्या दिवशी ही डिस्क कशी वागेल? एरवी फोटो बघायला आणि सिनेमा लावायला कुठलीही डिस्क पुरते. खरेदीला बसल्यावर मी ज्या क्रमाने विचार करतो, त्याच क्रमाने पुढे लिहिलं आहे. उदाहरण दोन खणांच्या नॅसचं घेतलंय, कारण बहुतेक घरांत तोच असतो.

1. आधी जागेचा हिशेब, तोही कागदावर

दुकानात गेल्यावर "थोडे पैसे टाका, 8 टीबी घेऊन जा" असं ऐकू येतंच. त्याआधी घरी पाच मिनिटं हिशेब करावा.

चार माणसांचं घर धरू. प्रत्येकाचे रोज 10 फोटो, एक फोटो 4 एमबीचा, म्हणजे दिवसाला 160 एमबी आणि वर्षाला जेमतेम 58 जीबी. फोटोंना जागा लागत नाही, जागा खातात व्हिडिओ. आजच्या फोनवर फोरके चित्रीकरण मिनिटाला 170 एमबीच्या आसपास घेतं, आणि सेकंदाला 60 चौकटींचं असेल तर 400 एमबीपर्यंत. घरात मिळून रोज पाच मिनिटं चित्रीकरण झालं तरी वर्षाला 310 जीबी होतात. दोन्ही मिळून वर्षाकाठी 370 जीबीच्या आसपास, पाच वर्षांत 1.85 टीबी. आधीचं साठलेलं 1 टीबी असेल तर एकूण 2.85 टीबी.

आता दोन गोष्टी वजा करायच्या. पहिली अशी की कंपनी 1 टीबी म्हणजे दहाच्या पटीत मोजते आणि बरेचसे नॅस दोनच्या पटीत, त्यामुळे 4 टीबीची डिस्क बसवल्यावर पडद्यावर 3.6 दिसते. कुणी फसवलेलं नसतं, मोजमाप वेगळं. दुसरी म्हणजे डिस्क काठोकाठ भरू नये, पाचवा हिस्सा मोकळा ठेवावा. म्हणजे आपल्या या घराला 4 टीबी पाच वर्षं पुरेल, पण त्यापुढे नाही. घरात कुणी व्हिडिओग्राफी करत असेल तर सरळ 8 टीबीकडे बघा.

आणि दोन खणांत दोन 4 टीबीच्या डिस्क टाकल्या की 8 टीबी मिळतात असं धरून चालू नका. एकीची नक्कल दुसरीवर ठेवायची, ज्याला रेड-1 किंवा मिरर म्हणतात, तर वापराला 4 टीबीच मिळतात. दोन्ही जोडून 8 टीबी करण्याचा पर्याय नॅस तुम्हाला दाखवेल. घरच्या आठवणींसाठी तो निवडू नका. त्यात एक डिस्क गेली की दोन्हींवरचं गेलं.

2. प्रकार: इथेच मामा फसले

हार्ड डिस्कवर माहिती चुंबकीय पट्ट्यांत लिहिली जाते. जुन्या, सरळ पद्धतीत प्रत्येक पट्टा शेजारच्यापासून सुटा असतो. एक पट्टा पुसून पुन्हा लिहिला तर शेजारच्याला धक्का लागत नाही. याला सीएमआर म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत तेवढ्याच तबकडीत जास्त माहिती बसवण्यासाठी पट्टे एकमेकांवर चढवलेले असतात. ती एसएमआर.

कौलारू घर आठवा. मंगलोरी कौलं एकावर एक चढलेली असतात म्हणून पाणी आत येत नाही. पण मधलंच एक कौल फुटलं तर ते बदलायला त्यावर चढलेली कौलं आधी उचलावी लागतात, मग पुन्हा लावत यावं लागतं. एसएमआर डिस्कचं अगदी हेच होतं. मधला एक पट्टा बदलायचा तर त्याच्यावर चढलेल्या पुढच्या पट्ट्यांची एक अख्खी ओळ वाचून पुन्हा लिहावी लागते.

हे काम डिस्क लपवते. एक छोटा भाग ती सरळ पद्धतीचा राखून ठेवते, आलेली माहिती आधी तिथे उतरवते आणि तुम्ही काही करत नसताना निवांतपणे कौलं लावत बसते. म्हणून रोजच्या वापरात फरक कळत नाही. पण मेलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवली की तिच्यावर तासन् तास सलग लिखाण येतं. त्यातच घरातले चार फोन आपापले फोटो पाठवत असतात, म्हणजे मधेच इकडेतिकडे लिहिणंही चालू. राखीव भाग भरतो, कौलं लावायला उसंत मिळत नाही आणि वेग कोसळतो. मामांकडे नेमकं हेच झालं.

झेडएफएस ही फाइली साठवण्याची पद्धत वापरणाऱ्या नॅसमध्ये तर याचा फटका आणखी मोठा. 2020 मध्ये सर्व्ह-द-होम या संकेतस्थळाने 4 टीबीच्या डिस्क घेऊन अशीच चाचणी केली. सीएमआर डिस्कचं भरणं 14 ते 17 तासांत झालं आणि एसएमआर डिस्कला जवळपास 230 तास लागले. साडेनऊ दिवस! एवढ्या काळात उरलेली जुनी डिस्क रात्रंदिवस वाचली जात असते, आणि ती जाण्याची शक्यता सर्वात जास्त असते ती याच दिवसांत.

ही चाचणी झाली ती एका वादातून. वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' नावाच्या डिस्क खास नॅससाठी म्हणून विकल्या जात होत्या. (हे लाल रंगावरून ठेवलेलं नाव, वरच्या रेड-1शी त्याचा संबंध नाही.) एप्रिल 2020 मध्ये कंपनीने मान्य केलं की 2 ते 6 टीबीच्या काही रेड डिस्क एसएमआर आहेत. खोक्यावर तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्यानंतर कंपनीने नावं वेगळी केली: साधी 'रेड' ती एसएमआर, 'रेड प्लस' आणि 'रेड प्रो' या सीएमआर. सीगेट या दुसऱ्या डिस्क कंपनीने त्याच वेळी जाहीर केलं की नॅससाठीच्या त्यांच्या आयर्नवुल्फ मालिकेत एसएमआर नाही.

म्हणून लेबलवरचं मोठ्या अक्षरातलं नाव वाचून थांबू नका, खालचा बारीक मॉडेल नंबर वाचा. वेस्टर्न डिजिटलच्या 4 टीबीचं उदाहरण बघा. 'डब्ल्यूडी40'नंतर 'ईएफएएक्स' असेल तर ती एसएमआर. 'ईएफआरएक्स', 'ईएफझेडएक्स' किंवा 'ईएफपीएक्स' असेल तर सीएमआर. चार अक्षरांत मधलं एकच बदलतं. सीगेटमध्ये 'एसटी4000'नंतर 'व्हीएन' आलं तर ती आयर्नवुल्फ. 'डीएम004' आलं तर ती डेस्कटॉपसाठीची बाराकुडा, तीही एसएमआर. मामांनी क्षमता बघितली, कंपनी बघितली, ही अक्षरं बघितली नाहीत. दोष त्यांचा नाही, हे कुणी सांगतच नाही.

मोठ्या कंपन्या आता कुठलं मॉडेल कुठल्या पद्धतीचं ते आपल्या संकेतस्थळावर देतात. खरेदीआधी मॉडेल नंबर तिथे शोधा. "सीएमआर" असं स्पष्ट लिहिलेलं दिसलं नाही तर ती डिस्क नॅससाठी घेऊ नका. एवढा एक नियम पाळला तरी या लेखाचं निम्मं काम झालं.

3. मालिका: डेस्कटॉपची, सीसीटीव्हीची की नॅसची?

नॅसच्या डिस्क डेस्कटॉपच्या डिस्कपेक्षा महाग असतात. हे जास्तीचे पैसे कशाचे, हे समजून घेतलं तर ते द्यायला जिवावर येत नाही.

सर्वात महत्त्वाचं कारण म्हणजे चूक झाल्यावर डिस्क किती वेळ अडून बसते. तबकडीवरचा एखादा तुकडा वाचता येईना की डेस्कटॉपची डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते, कधी मिनिटभर, कधी त्याहूनही जास्त. एकट्या संगणकात ते बरोबरच आहे, कारण तिच्याशिवाय ती माहिती दुसरीकडे कुठे नसते. पण नॅसमध्ये जोडीदार डिस्कवर तीच माहिती तयार असते. नॅसच्या डिस्क म्हणून साधारण सात सेकंदांत हार मानतात आणि सांगतात की हा तुकडा जोडीदाराकडून घ्या. अडून बसलेल्या डिस्कला मात्र नॅस मेली असं समजून बाहेर काढू शकतो. चांगली डिस्क बाहेर, जोडी मोडली, पुन्हा भरणं सुरू.

दुसरं कारण कामाच्या तासांचं. सीगेट बाराकुडाच्या माहितीपत्रकात वर्षाला 2,400 तास चालणं गृहीत धरलेलं असतं, म्हणजे रोजचे साडेसहा तास. नॅस वर्षाचे सगळे 8,760 तास चालू असतो. बाराकुडाला वर्षाला 55 टीबी वाचन-लेखनाचा भार धरलेला असतो. आयर्नवुल्फ, रेड प्लस आणि तोशिबाची एन300 या तिन्हींना 180 टीबी. घरात 180 टीबी कधीच होणार नाही, पण तासांचा मुद्दा खरा आहे.

आयर्नवुल्फ, रेड प्लस, एन300 यांपैकी तुमच्या गावात जिची वॉरंटी सुरळीत मिळते ती घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. तिन्हींना तीन वर्षांची वॉरंटी असते. 'प्रो' मालिकांना पाच वर्षांची. किमतीत फार अंतर नसेल तर प्रो घ्यायला हरकत नाही, पण प्रोच्या नादात बॅकअपच्या डिस्कचे पैसे संपवू नका.

आपल्याकडे गल्लोगल्ली सीसीटीव्हीची दुकानं आहेत, त्यामुळे सीसीटीव्हीच्या डिस्क सहज मिळतात आणि दुकानदारही "हीसुद्धा 24 तास चालते" म्हणून तीच पुढे करतो. चालते हे खरं. पण ती कॅमेऱ्यांचं चित्रण न थांबता उतरवून घेण्यासाठी बेतलेली असते, नॅसमध्ये तिचा वेगळा फायदा काही नाही. रात्री डिस्क गेली आणि सकाळी दुसरी काहीच मिळत नाही अशा वेळी, सीएमआर आहे याची खात्री करून, घ्या. पहिली निवड म्हणून नको.

लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कचा विचारच सोडा. 2 टीबी आणि त्यापुढच्या जवळपास सगळ्या एसएमआर असतात.

4. वेग, आवाज, वीज

घरातलं नेटवर्क एक गिगाबिटचं असेल तर तारेतून प्रत्यक्षात सेकंदाला 110 एमबीच्या आसपास जातात. मिनिटाला 5,400 फेऱ्यांची डिस्कसुद्धा एवढं सहज देते. म्हणून 7,200 फेऱ्यांच्या डिस्कला जास्त पैसे देऊन हाती काही लागत नाही. उलट ती जास्त तापते आणि जास्त आवाज करते. नॅस दिवाणखान्यात टीव्हीखाली राहणार असेल तर रात्रीच्या शांततेत तो खरखर आवाज ऐकू येतो. एन300 ही 7,200ची आहे, हे लक्षात ठेवा.

एक डिस्क साधारण 5 वॅट घेते असं धरलं तर दोन डिस्क वर्षाला 88 युनिट खातात. युनिटला 10 रुपये धरले तर 880 रुपये. एवढ्यासाठी डिस्कला सारखी झोपवू-उठवू नये. थांबून पुन्हा फिरायला लागताना तिच्यावर ताण येतो.

5. नॅसच्या यादीत ती आहे का

प्रत्येक नॅस कंपनी आपल्या कुठल्या मॉडेलवर कुठल्या डिस्क तपासल्या त्याची यादी देते. आधी हे निव्वळ खबरदारीचं होतं. एप्रिल 2025 मध्ये सिनॉलॉजी या नॅस कंपनीने आपल्या नव्या 'प्लस' नॅसवर स्वतःच्याच किंवा मान्य केलेल्याच डिस्क चालतील अशी अट आणली आणि लोक भडकले. ऑक्टोबर 2025 मध्ये डीएसएम या त्यांच्या नॅसच्या प्रणालीच्या 7.3 आवृत्तीबरोबर ती अट मागे घेतली गेली. पण धडा असा की नॅस आधी ठरवा, त्याची यादी उघडा, मग डिस्क घ्या.

6. दुकानात

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली, किंवा घरबसल्या ऑनलाइन, कुठूनही घ्या. पण सील फोडण्याआधी पुढची कामं तिथेच उभं राहून करा.

डिस्कच्या लेबलवर सिरियल नंबर असतो. कंपनीच्या वॉरंटी तपासण्याच्या पानावर तो टाका, देश भारत निवडा. वॉरंटीची शेवटची तारीख दिसली पाहिजे, आणि ती आजपासून जवळजवळ तीन वर्षांनंतरची असली पाहिजे. "विकणाऱ्याशी संपर्क साधा" असं उत्तर आलं तर ती डिस्क एखाद्या संगणक कंपनीला घाऊक दिलेली किंवा बाहेरून आलेली असण्याची शक्यता मोठी. तिची वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. दुबईहून किंवा अमेरिकेहून येणारा भाऊ स्वस्तात डिस्क आणतो म्हणाला तरी हाच प्रश्न आधी विचारा: तिथली वॉरंटी इथे चालेल का?

बिल जीएसटीचं घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. हाताने लिहिला तरी चालेल, खाली शिक्का हवा.

जुनी डिस्क नवी म्हणून खपवण्याचा प्रकार आता फार वाढलाय. मी स्वतः यात फसलोय. सील असलेली डिस्क आणली, घरी तपासली तर चालू राहिल्याचे तास 9,000च्या वर. एक वर्षाहून जास्त कुठेतरी रात्रंदिवस फिरून आलेली. दुकानदाराने बदलून दिली, पण बिलावर सिरियल नंबर होता म्हणून. त्यावेळी निदान तास तरी खरे दिसले. जानेवारी 2025 मध्ये युरोपात सीगेटच्या ज्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं, त्यांत डिस्कच्या तब्येतीच्या नेहमीच्या नोंदीतले तास शून्यावर आणून ठेवलेले होते. हे काम विक्रीच्या साखळीत मधेच कुणीतरी केलेलं. पकडलं गेलं ते 'फार्म' नावाच्या आतल्या वेगळ्या नोंदीवरून, जिथे खरे हजारो तास लिहिलेले होते. स्मार्टमॉनटूल्स या मोफत साधनाच्या 7.4 आणि पुढच्या आवृत्त्या सीगेटची ही नोंद वाचून दाखवतात. सीगेट घेतलीत तर ती जरूर बघा.

ऑनलाइन मागवली तर खोकं उघडतानाच बघा. डिस्क प्लॅस्टिकच्या साच्यात किंवा जाड फेसात अधांतरी बसलेली हवी. नुसत्या बबल रॅपच्या एका थरात, मोठ्या खोक्यात गडगडत आली असेल तर चालू करून बघण्याच्या मोहात पडू नका. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि परत पाठवा.

7. दोन घ्यायच्या, पण जुळ्या नकोत

एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच खोक्यातल्या दोन डिस्क घेतल्या तर त्या एकाच तुकडीतल्या असतात. तुकडीत दोष असेल तर दोघींत असेल. दोघी एकाच दिवशी कामाला लागतात, सारखंच काम करतात, सारख्याच तापतात. मग एक गेली की दुसरीही थकलेली असते, आणि नेमकं तेव्हाच तिला सर्वात जड काम करायचं असतं.

म्हणून लेबलवरची उत्पादनाची तारीख बघा आणि दोन वेगळ्या महिन्यांतल्या मागा. नाही मिळाल्या तर दोन दुकानांतून घ्या, किंवा क्षमता तीच ठेवून एक आयर्नवुल्फ आणि एक रेड प्लस अशी जोडी लावा. मिररला ते चालतं. मी स्वतः असंच करतो.

तिसरी डिस्कही याच वेळी बजेटमध्ये धरा. ती नॅसमध्ये जात नाही, यूएसबीच्या खोक्यात जाते. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. नातवाने फोटोंचं फोल्डर उडवलं तर ते दोन्ही डिस्कवरून एका क्षणात उडतं. बॅकअपच्या या तिसऱ्या डिस्कला एसएमआर चालते, कारण ती महिन्यातून एकदा निवांत भरायची असते. डेस्कटॉपची स्वस्त डिस्क तिच्या योग्य जागी जाते ती इथे. 8 टीबीच्या दोन घेऊन तिसरीला पैसे उरत नसतील तर 4 टीबीच्या दोन घ्या आणि तिसरी घ्या.

8. भरवसा ठेवण्याआधी तपासणी

हार्ड डिस्क सुरुवातीच्या दिवसांत दगावण्याचं प्रमाण लक्षात घेण्यासारखं असतं. ती दगावायचीच असेल तर तुमचे फोटो तिच्यावर जाण्याआधी दगावू दे. म्हणून नव्या डिस्कवर पहिला आठवडा काहीही महत्त्वाचं ठेवायचं नाही.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत साधन आहे, आणि नॅसच्या स्टोरेजच्या पानावरही ही यादी दिसते. यादी लांबलचक असते, घाबरू नका. पाच ओळी बघायच्या.

05: खराब झाल्यामुळे बदली जागा दिलेले तुकडे. नव्या डिस्कवर शून्यच हवा.
09: चालू राहिल्याचे तास. एक आकडी किंवा फार तर कारखान्यातल्या चाचणीचे काही तास.
सी5: वाचता न आल्यामुळे निकालाची वाट बघणारे तुकडे. शून्य.
सी6: अजिबात न वाचता आलेले तुकडे. शून्य.
सी7: तारेतून माहिती येताना झालेल्या चुका. हा आकडा वाढला तर डिस्कवर राग काढू नका. केबल सैल आहे किंवा खण नीट बसलेला नाही.

एक सावधगिरी: क्रिस्टलडिस्कइन्फो हे आकडे सोळाच्या पटीत दाखवतं. तिथे 09च्या ओळीत "10" दिसलं तर ते सोळा तास. सेटिंगमध्ये दहाच्या पटीत करून घेता येतं. नाहीतर माझ्यासारखा कुणीतरी मध्यरात्री घाबरून चुकीचा हिशेब करत बसतो.

पाची ओळी ठीक असतील तर नॅसच्या त्याच पानावरून 'विस्तारित चाचणी' लावा. 4 टीबीला सात-आठ तास लागतात, म्हणून रात्री लावून झोपा. ती फक्त वाचते. लिहिण्याची कसोटी वेगळी घ्यावी लागते. लिनक्स येत असेल तर बॅडब्लॉक्स या आज्ञेने अख्ख्या डिस्कवर चार वेळा लिहून चार वेळा वाचता येतं. 4 टीबीला अडीच दिवस लागतात आणि डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, हे ध्यानात ठेवूनच. लिनक्स येत नसेल तर विंडोजवर झटपट न करता पूर्ण फॉरमॅट करा, तोही अख्ख्या डिस्कवर लिहितो.

हे झाल्यावर पुन्हा त्याच पाच ओळी. 05, सी5 किंवा सी6 शून्यावरून एकावर जरी गेला तरी डिस्क परत करा. दुकानदार म्हणेल एकाने काय होतंय. नव्या डिस्कवर एकाने होतं.

9. बसवताना

तापमान 30 ते 45 अंशांत राहिलं की डिस्क सुखी. विदर्भातल्या मे महिन्यात, बंद काचेच्या टीव्ही कपाटात ते राहणार नाही. मागे चार बोटं मोकळी जागा सोडा. कोकणात दमट हवेचा त्रास वेगळा, नॅस खिडकीपासून आणि ओल येणाऱ्या भिंतीपासून लांब ठेवा. आणि यूपीएस हवाच. डिस्क लिहित असताना वीज जाणं हे तिचं सर्वात मोठं दुखणं. यूपीएसची यूएसबी तार नॅसला जोडली की बॅटरी संपत आल्यावर नॅस स्वतःहून नीट बंद होतो. ही तार खोक्यातच पडून राहिलेली मी किती घरांत पाहिली आहे!

विस्तारित चाचणी महिन्यातून एकदा आपोआप होईल अशी वेळ लावून द्या आणि बिघाडाची सूचना ईमेलवर किंवा फोनवर येईल असं करा. मामांची जुनी डिस्क तीन आठवडे आधीपासून कुरकुरत होती. सूचना येत होत्या, पण त्या कुणी बघत नसलेल्या ईमेल पत्त्यावर.

शेवटचं काम पाच मिनिटांचं आहे. प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर, खरेदीची तारीख आणि वॉरंटी संपण्याची तारीख एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी ज्या खणात ती डिस्क बसली आहे त्याच्या दर्शनी बाजूला चिकटवा. नॅसची सूचना "दुसरी डिस्क निकामी" एवढंच सांगते. दुसरी म्हणजे उजवीकडची की डावीकडची, हे घाबरलेल्या माणसाला त्या क्षणी आठवत नाही, आणि चुकून चांगली डिस्क बाहेर ओढली जाते. मामांच्या नॅसवर आता दोन चिठ्ठ्या आहेत, मामींच्या अक्षरात, वरून सेलोटेप लावलेल्या.